पुलाच्या पैशांचा चौक

आमच्या टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, आमच्या रस्त्याला फसवलं. ओढ्यावरचा पूल बांधतो म्हणून कर्ज काढलं आणि त्या पैशांतून टाउन हॉलसमोर कारंजं, बाक आणि ग्रॅनाइटच्या कडा असलेला चौक बांधला. पूल होता तसाच आहे, गंजलेला. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझीही लाज आहे, आणि ती वाचता वाचता मूळ गुन्हा कोणाचा हे कोणी विसरू नये.

न्यू जर्सीतलं आमचं गाव तसं सुखवस्तू. अर्धे लोक सकाळी स्टेशनवर गाडी लावून न्यूयॉर्कला जातात. आमचा रस्ता गावाच्या टोकाला आहे. आधी ओढा, मग वीसेक घरं, मग झाडी, आणि तिथे रस्ता संपतो. बाहेर पडायचं तर ओढा ओलांडूनच. पूल म्हणतो खरा, पण दिसायला तो पूल नाहीच. रस्त्याखालून गेलेला पत्र्याचा मोठा नळ, त्यावर माती, मातीवर डांबर. नळाचा तळ गंजून त्याची चाळण झाली आहे. जोराचा पाऊस झाला की नळात पाणी मावत नाही आणि ते रस्त्यावरून वाहायला लागतं.

माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेसहाला डायलिसिस सेंटरमध्ये तिची खुर्ची ठरलेली असते. चार तास रक्त यंत्रातून फिरून परत येतं. एक दिवस चुकला तर तिचे पाय सुजतात. दोन दिवस चुकले तर श्वास लागतो. तिसऱ्याचा विचार आम्ही करत नाही. बाकी लोकांसाठी तो पूल म्हणजे थोडी गैरसोय आहे. आमच्यासाठी आठवड्यातून तीनदा तिचा जीव त्या पत्र्यावरून पलीकडे जातो.

मी सोलापूर जिल्ह्यात शहाबादी फरशीच्या वखारीत वाढलो. वडील तिथे हमाली करायचे. पुढे मी त्याच वखारीत विक्रीला उभा राहिलो आणि घासाघीस शिकलो. भाव सांगितला की गिऱ्हाईक कुठे बघतं, ते मी बघायचो. बायकोकडे बघितलं तर त्याला फरशी हवीच आहे. दाराकडे बघितलं तर थोडं सोडावं लागेल. आणि पहिल्याच भावाला मान डोलावली तर वडील मागून खाकरायचे. नंतर म्हणायचे, "हा स्वतःच्या खिशातून देत नाहीये. कोणाच्या खिशातून देतोय ते बघ." हे त्यांचं वाक्य मी तीस वर्षं जगलो आणि एकदाच विसरलो.

इकडे येऊन आधी दुसऱ्याच्या यार्डात दगड कापले. पाण्याखाली चालणाऱ्या करवतीसमोर दिवसभर उभं राहायचं, घरी आल्यावर कानात तोच आवाज. मग हायवेलगत स्वतःचं यार्ड घेतलं. आता या भागातल्या शेकडो स्वयंपाकघरांत माझे ग्रॅनाइटचे ओटे आहेत. कोणी मला हात धरून वर आणलं नाही. मी ओरडतो, भांडतो, फोन आपटतो, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या कटरवाल्यांनी माझ्या आवाजाच्या तीन पायऱ्या ठरवल्या आहेत म्हणे. तिसऱ्या पायरीला सगळे जेवायला बाहेर जातात.

टाउनशिपचा अॅडमिनिस्ट्रेटर पहिल्यांदा यार्डात आला तेव्हा मी पहिल्या पायरीवरही नव्हतो. निवडून आलेले लोक बदलत राहतात, खरा कारभार हा माणूस चालवतो. उंच, शांत, कायम बाह्या दुमडलेल्या. चहा प्यायला, चकली मागून घेतली. म्हणाला, "मित्रा, तुमच्या पुलासाठी कर्जाचा ठराव आणतोय. पण कर वाढेल म्हणून लोक विरोध करणार. सुनावणीला तुमची माणसं आली पाहिजेत."

मी म्हणालो, "पूल नक्की ना?"

"पूल आहे म्हणून तर ठराव आहे."

तीन वर्षांपूर्वीचे गणपती होते. आमच्या मंडळाचा गणपती शाळेच्या जिममध्ये बसतो. मी प्रसादाच्या लाइनीच्या टोकाला क्लिपबोर्ड घेऊन उभा राहिलो.

"काका, कशाची साइन?"

"पुलाची. कर पटकन, मोदक गार होतोय."

"टॅक्स वाढणार का यार?"

"वाढेल थोडा. नाहीतर पाणी आल्यावर तुझ्या काकूला पलीकडे न्यायला येशील का खांदा द्यायला?"

मागे खुर्चीत बसलेली बायको ओरडली, "अहो, खांदा काय म्हणता! मी अजून आहे!" लाइन हसली आणि सह्या भराभर झाल्या. कोणी कागद वाचला नाही. काकांनी दिलाय म्हणजे बरोबरच असणार. आपल्या लोकांचं हे असं असतं. ऑफिसात कॉन्ट्रॅक्टची ओळन् ओळ तपासतील, पण गणपतीत माझ्यासारख्याने पुढे केलेल्या कागदावर पेन मागून घेऊन सही करतील.

एकीने वाचला. आमच्याच रस्त्यावर तीन घरं सोडून राहते. नागपूरची आहे, विमा कंपनीत ऑडिटचं काम करते. ती लाइनीतून बाजूला झाली, फोनवर ठरावाचा पूर्ण मसुदा उघडला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिची मुलगी हात ओढत होती, "मम्मा, आय ऍम हंग्री." दहा मिनिटांनी ती माझ्याकडे आली.

"काका, यात लिहिलंय, 'ओढ्यावरचा पूल आणि इतर रस्तेसुधारणा'. कुठला रस्ता, किती पैसे, काही नाही. आधी पूल, मग बाकीचं, एवढं लिहून घ्या."

"अगं, ते असंच लिहितात. माणूस माझ्याकडे चहा पिऊन गेलाय."

"चहाची पोच मिळत नाही काका. आमच्या घरी लहानपणापासून हेच शिकवलंय. अर्ज लेखी द्यायचा आणि पोच घ्यायची. बाबा तर दूधवाल्याकडूनसुद्धा घ्यायचे."

मी हसलो. तिने सही केली नाही. मला राग आला आणि तो मी दोन वर्षं धरून ठेवला. समोर दिसली की हात हलवायचो, पण गाडी थांबवत नव्हतो.

सुनावणीला आमची माणसं कुर्ते घालून आली. हॉल भरला. कर वाढवू नका म्हणणारे मागच्या दोन रांगांत दबून बसले. ठराव मंजूर झाला. अॅडमिनिस्ट्रेटरने मला सगळ्यांसमोर मिठी मारली. त्या मिठीचा फोटो आमच्या मंडळाच्या ग्रुपवर अजून आहे.

पुढच्या वसंतात त्याचाच फोन आला. टाउन हॉलसमोरचा परिसर नीट करायचा होता. करड्या ग्रॅनाइटच्या कडा हव्या होत्या, सहा बाक हवे होते. मी भाव काढला आणि त्यावर घासाघिशीसाठी चांगली जागा ठेवली. नेहमीच ठेवतो. त्याच्या ऑफिसात गेलो, आकडा सांगितला, आणि तो कुठे बघतो ते बघत बसलो. तो कुठेच बघत नव्हता. म्हणाला, "ठीक आहे."

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "एका झटक्यात! एक पैसा कमी केला नाही!"

ती भाजी निवडत होती. पालक तिला बंद आहे, माझ्यासाठी निवडत होती. म्हणाली, "त्याने काहीच कमी करायला सांगितलं नाही?"

"नाही."

"मग तुम्हाला बरं कसं वाटतंय?"

मला बरं वाटत होतं. वडिलांचं खाकरणं आठवायला हवं होतं, पण मला आठवली ती त्यांची पाठ, फरशी उचलताना वाकलेली. त्या हमालाच्या मुलाला अमेरिकेतल्या सरकारची ऑर्डर मिळाली होती. टाउनशिपचं बोधचिन्ह असलेल्या त्या ऑर्डरचं पहिलं पान मी फ्रेम करून घेतलं आणि यार्डातल्या ऑफिसात माझ्या खुर्चीमागे लावलं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाची नजर तिथे जायची. माझी पाठ त्या फ्रेमकडे असायची.

चौक झाला. उद्घाटनाला आम्ही दोघं गेलो. बायको दमली म्हणून माझ्याच दगडाच्या बाकावर बसली आणि हात फिरवून म्हणाली, "पॉलिश छान झालंय."

पुलाबद्दल विचारलं की उत्तर यायचं, डिझाइन चालू आहे. मग, राज्याचं परमिट यायचंय. मग, ओढ्यातल्या कासवांची पाहणी करायची आहे. मी वाट बघितली, कारण आता तो माझं गिऱ्हाईक होता आणि गिऱ्हाइकावर मी तिसऱ्या पायरीने ओरडत नाही. एवढं भान मला होतं. हेच भान त्याने विकत घेतलं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग हिवाळ्यात एका सकाळी पुलाच्या तोंडाशी पिवळी पाटी लागली. वजन मर्यादा तीन टन. दोन्ही बाजूंनी काँक्रीटचे ठोकळे टाकून एकच लेन ठेवली. बायकोला न्यायला येणारी व्हॅन त्या दिवशी पाटीपाशी थांबली. ड्रायव्हर चांगला माणूस, तिला मॅम म्हणायचा. त्याने फोनवर सांगितलं, "सर, माझी गाडी यापेक्षा जड आहे. मी येऊ शकत नाही. सॉरी." त्या दिवसापासून मीच तिला माझ्या गाडीने नेतो. अँब्युलन्सही त्या पाटीपेक्षा जड असते, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

गेल्या शरद ऋतूत दक्षिणेकडून एका वादळाचं शेपूट आलं. मंगळवारभर पाऊस. बुधवारी पहाटे मी गाडी काढली, बायको शेजारी, मांडीवर ब्लँकेट. पुलापाशी आलो तर पूल नव्हता. तपकिरी पाणी होतं आणि त्यातून पिवळ्या पाटीचा वरचा अर्धा भाग दिसत होता.

"परत फिरवा," ती म्हणाली.

"जाईल गाडी."

"अहो, परत फिरवा."

फिरवली. सेंटरला फोन केला, ते म्हणाले उद्या या. ती दिवसभर पाण्याच्या पेल्याला हात न लावता बसून राहिली. पाणी अंगात साठू नये म्हणून. बाहेर सगळीकडे पाणी आणि आत ती कोरड्या ओठांनी मला म्हणत होती, "तुम्ही प्या हो, माझ्यासमोर प्यायलात तरी चालेल."

गुरुवारी सकाळी तिला श्वास लागला. पाणी घोट्यापर्यंत उतरलं होतं. मी आणीबाणीच्या नंबरवर फोन केला. अँब्युलन्स आली आणि पलीकडे थांबली. खालून माती किती वाहून गेली आहे कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे कुठलीच गाडी त्या पुलावर घालायला ते तयार नव्हते, माझीही नाही. दोन जण घडीची खुर्ची घेऊन चालत आले. तिला पट्ट्यांनी बांधलं. ते दोघं, मी आणि ती नागपूरची शेजारीण, असं आम्ही चौघांनी तिला उचलून पाण्यातून पलीकडे नेलं. शेजारीण ऑफिसच्या कपड्यांत होती, बूट हातात घ्यायचंही तिला सुचलं नाही. मध्यावर आलो तेव्हा पायाखालचं डांबर हलल्यासारखं वाटलं. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाली, "दिलात ना शेवटी खांदा."

ती वाचली. सहा दिवस अतिदक्षता विभागात होती. तेव्हापासून ती जिना चढत नाही. तिचं अंथरूण आता खाली दिवाणखान्यात आहे. पाणी ओसरल्यावर टाउनशिपने वाहून गेलेल्या जागी माती भरली आणि तीच एक लेन पुन्हा चालू केली.

सातव्या दिवशी मी टाउन हॉलला गेलो आणि तिसऱ्या पायरीवर ओरडलो. अॅडमिनिस्ट्रेटर केबिनमधून बाहेर आला, त्याच्या मागे एक पोलीस येऊन उभा राहिला. "मित्रा, जे सांगायचं ते सभेत सांग. नोंद होईल." सभेत प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं मिळतात. समोर घड्याळ असतं, हिरवं, पिवळं, मग लाल. माझी तीन मिनिटं ओरडण्यात गेली. लाल दिवा लागला, अध्यक्ष म्हणाले धन्यवाद. इतिवृत्तात माझं तीन मिनिटांचं आयुष्य एका ओळीत आलं, 'एका रहिवाशाने पुलाबाबत चिंता व्यक्त केली.'

मग मी काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. ते म्हणाले पूल फार आखूड आहे, इतका आखूड पूल आमच्याकडे येत नाही, तो टाउनशिपचा. राज्याच्या खात्यात फोन लावला. तिथली बाई गोड बोलली. म्हणाली, आम्ही गावांना रस्त्यांसाठी मदत देतो, ती कुठे वापरायची हा स्थानिक निर्णय. टाउनशिपला विचारलं तर ते म्हणाले, राज्याने मदत कमी केली. मी आयुष्यभर घासाघीस केली, पण घासाघिशीला समोर एक माणूस लागतो. इथे प्रत्येक जण पलीकडच्या खिडकीकडे बोट दाखवत होता, आणि मी गोल फिरून पहिल्याच खिडकीशी येत होतो. दोन महिने मी असा फिरलो. रोज सकाळी आधी हवामान बघायचो, मग बायकोचे पाय.

शेवटी मी तीन घरं चालत गेलो आणि दार वाजवलं. शेजारणीने दार उघडलं.

"जय भीम," मी म्हणालो. याआधी मी तिला असं कधी म्हणालो नव्हतो. तिच्या ते लक्षात आलं, तिने उत्तर दिलं आणि विषय वाढवला नाही.

"काका, चहा घ्या."

"चहा नको. मला अर्ज लिहून दे."

तिने लिहिला. सार्वजनिक नोंदींसाठीचा अर्ज, एक पान. त्या ठरावाच्या कर्जातून आजवर दिलेल्या प्रत्येक रकमेची यादी, प्रत्येक ऑर्डरची प्रत. मी टाउन हॉलमधल्या क्लार्ककडे दिला आणि पोच घेतली. त्यांनी उत्तराची मुदत वाढवली, पुन्हा वाढवली. प्रत्येक वेळी ती एक ओळीचं पत्र लिहायची आणि मी पोच घेऊन यायचो. कागद आले तेव्हा फेब्रुवारी होता.

रविवार दुपार होती. बायको दिवाणावर, आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी. शेजारीण हायलायटर घेऊन यादी वाचत होती. पुलाच्या डिझाइनला एकदाच पैसे दिले होते, थोडे. बाकी लँडस्केपिंग. कारंजं. दिवे. मी प्रत्येक ओळीला टेबलावर हात आपटत होतो. "चोर! बघ, बघ! दिवे!" मग तिचा हायलायटर थांबला.

"काय झालं? वाच की."

तिने कागद माझ्याकडे सरकवला. 'ग्रॅनाइट, कडा आणि बाक.' पुढे माझ्या कंपनीचं नाव.

"काका, यार्डात तुमच्या मागे जी फ्रेम आहे ना," ती हळू म्हणाली, "तिच्यावर वरच्या कोपऱ्यात एक नंबर आहे का?"

मी तसाच उठलो आणि गाडी काढून यार्डात गेलो. रविवार, यार्ड बंद. ऑफिसातला दिवा लावला. नंबर होता. गावाच्या बोधचिन्हाच्या खाली, छोट्या अक्षरांत, ठरावाचा क्रमांक. पुलाचा. दोन वर्षं तो माझ्या डोक्यामागे काचेत लटकत होता आणि मी गिऱ्हाइकांचे डोळे वाचत बसलो होतो. चेक वटतो का एवढं मी पाहिलं होतं. तो कुठून येतो ते पाहिलं नव्हतं. मी ज्या पैशांवर खूष झालो ते माझ्या बायकोच्या पायाखालून काढलेले होते.

फ्रेम काढून घरी आणली. बायकोने ती मांडीवर घेऊन वाचली. मला वाटलं रडेल किंवा बोलेल. ती म्हणाली, "आणि मी त्या बाकाच्या पॉलिशचं कौतुक केलं."

शेजारीण म्हणाली, "काका, सभेत यादी वाचू या. तुमची ओळ गाळली तरी चालेल. बाकीचं पुरेसं आहे." ती असं म्हणाली हे मला अजून टोचतं, कारण ती ओळी गाळणारी बाई नाही.

वकिलाला दाखवलं. त्याने ठराव वाचला, 'इतर रस्तेसुधारणा'वर बोट ठेवलं आणि खांदे उडवले. म्हणाला, चौकात फुटपाथ आहे, फुटपाथ म्हणजे रस्तेसुधारणा. कायद्यात सगळं बसतं. तुमच्याच लोकांच्या सह्या आहेत.

कागद मागितल्याची बातमी अॅडमिनिस्ट्रेटरपर्यंत पोचणारच होती. त्याने बोलावलं. या वेळी पोलीस नव्हता, कॉफी होती. म्हणाला, लायब्ररीच्या नव्या इमारतीला काउंटर लागणार आहेत, तुझ्या दगडाची सगळे स्तुती करतात. मग म्हणाला, मुसळधार पावसाचा इशारा आला की तुझ्या पत्नीला आदल्या दिवशी पलीकडे हलवायची सोय फर्स्ट एड पथक करेल, मी बोलतो. मग कॉफी ढवळत म्हणाला, "यादी बाहेर आली तर त्यात सगळ्यांचीच नावं येतील, मित्रा. लोक विचारतील तुला किती मिळाले."

खरं सांगतो, मी आकडा मांडायला लागलो. सवय आहे. आदल्या दिवशी हलवायची सोय लेखी मिळेल का, ठोकळे काढून घेतील का, व्हॅनला परवानगी मिळेल का, असं मी मनात एकेक मागणं रचत होतो. मग मी त्याच्याकडे बघितलं. तो कुठेच बघत नव्हता. पुन्हा दुसऱ्याच्याच खिशातून देत होता.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हणालो, "निदान तुझी सोय होईल. बाकीच्यांचं बघू नंतर."

"समोरच्या घरातल्या आजोबांना पेसमेकर आहे," ती म्हणाली. "त्यांना कोण हलवणार?"

"मी सगळ्या रस्त्याचा ठेका घेतलाय का?"

"सह्या घेताना घेतला होतात." मग थोडा श्वास घेऊन म्हणाली, "तो तुमची ओळ बाहेर काढेल म्हणतोय ना? मग तुम्हीच आधी सांगा. त्याच्याकडे काय उरेल मग?"

तीस वर्षं मी घासाघीस करतोय, ती एका जागी झोपून माझ्यापेक्षा चांगली करते.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी सभा होती. मी फ्रेम घेऊन गेलो. शेजारीण माझ्या शेजारी बसली होती. मागे आमच्या रस्त्यावरची माणसं होती, या वेळी कुर्त्यांशिवाय, कामावरून थेट आलेली. गणपतीत ज्यांच्या सह्या घेतल्या त्यांना मी आठवडाभर घरोघरी जाऊन ती यादी दाखवली होती आणि माझी ओळ आधी दाखवली होती. एकाने दार लावून घेतलं. बाकीचे आले.

हिरवा दिवा लागला. मी ओरडलो नाही. काच काढून कागद बाहेर घेतला, क्रमांक वाचला आणि म्हणालो, "पुलाच्या पैशांतून घेतलेला पहिला दगड मी विकला. ते मला माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं. त्यातला माझा नफा मी या चेकने परत करतोय. तो पुलाच्याच खात्यात गेला पाहिजे आणि मला पोच पाहिजे." क्लार्कने गोंधळून अध्यक्षांकडे बघितलं. अध्यक्षांनी अॅडमिनिस्ट्रेटरकडे बघितलं. तो कागद चाळत होता.

मी पुढे विचारलं, "चौकाचा खर्च या खात्यात घालायची सही कोणी केली?" पिवळा दिवा. "नाव सांगा." लाल दिवा. अध्यक्ष म्हणाले, धन्यवाद, तुमची वेळ संपली, प्रश्नांची उत्तरं या सभेत दिली जात नाहीत.

मी चेक टेबलावर ठेवून खाली बसलो. पोच अजून मिळालेली नाही.

आज सोमवार, सकाळी तिला नेऊन आणलं. बुधवारसाठी मुसळधार पाऊस सांगितला आहे. बुधवारी सकाळी साडेसहाला तिची खुर्ची आहे. ज्याने त्या कागदावर सही केली, त्याने बुधवारी सकाळी सहाला पिवळ्या पाटीपाशी यावं, बाह्या दुमडून, बूट घालून, आणि माझ्या बायकोच्या तोंडावर सांगावं की पूल कुठे आहे. मी तिथे गाडीत असेन. ती शेजारी असेल. आम्हाला उत्तर हवं आहे.